नुसती सावली

आमच्या परड्यातलं फणसाचं झाड तोडून सात वर्षं होऊन गेली, पण त्याची सावली अजून पडते.

झाड होतं तेव्हा पडायची तशीच. सकाळी न्हाणीच्या भिंतीपर्यंत, दुपारी उत्तरेकडच्या वाफ्यात, संध्याकाळी शेजारच्या पत्र्यावर. ढग आला की जाते, ऊन पडलं की येते. जमिनीबरोबर कापलेला बुंधा आहे, परातीएवढा, आणि सावली तिथूनच सुरू होते. मी चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला, मला मापाशिवाय बोललेलं आवडत नाही. म्हणून सांगते, झाड तोडलं त्या साली ही सावली दुपारी बारा वाजता चौदा फूट भरायची. आता अठरा भरते. वाढलीय. जिवंत वस्तू म्हटली की वाढणारच.

आमच्या आंबेवणी गावात याचा कुणी गाजावाजा केला नाही. शेजारणीने पहिल्या दिवशी कुंपणावरून डोकावून पाहिलं, ‘बरं झालं बाई, सावली तरी राहिली,’ म्हणाली आणि लोणच्याच्या फोडींचं सूप उन्हाकडे सरकवलं.

झाड तोडलं ते आमच्या ह्यांनी. आप्पासाहेब शिंत्रे, वायरमन, आता रिटायर. लावलंही त्यांनीच. एका लग्नातल्या फणसाची आठळी रुमालात बांधून आणली होती. झाड झकास झालं, पण अठरा वर्षं त्याला एक फळ नाही. दर साली हे मान वर करून खोडाभोवती फेऱ्या मारायचे, फांदी न् फांदी तपासायचे आणि आत येऊन म्हणायचे, “फळ नाही, फूल नाही. देतं काय हे? नुसती सावली!”

“सावली काय थोडी झाली?” मी म्हणायचे. पण ऐकतो कोण?

मग एका बारशाला कुणीतरी चारचौघांत म्हणालं, “आप्पा, तुमचा फणस नर दिसतोय.” सगळे खो खो हसले. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी करवतवाले दारात. मी हातापाया पडले, पण हे हट्टाला पेटले की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकत नाहीत. अकरा वाजता झाड पडलं. पडलं तेव्हा त्याचं मागचं अंग वर आलं, कुंपणाकडचं. तिथे, गुडघ्याएवढ्या उंचीला, दोन कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, होत्या. अंगठ्याएवढ्या, हिरव्या.

हे मटकन खाली बसले. करवतवाले गेले तरी बसूनच होते.

त्यानंतर त्यांनी त्या सावलीत पाऊल टाकलं नाही. न्हाणीत जायचं तर सरळ परड्यातून वीस पावलं. हे घराला वळसा घालून, बोळातून, भर उन्हातून जातात. मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल घेतात, पण सावलीतून जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, “मला ऊन मानवतं.” मानवतं कसलं, दोनदा घेरी येऊन पडलेत!

मला मात्र ती सावली फार लाडकी. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी तिच्यात जाऊन उभी राहिले आणि मला रडूच कोसळलं. वर निळंभोर आभाळ, एक फांदी नाही, आणि खाली माझ्या हातावर पानांची नक्षी हलत होती. वाऱ्याने हलत होती. मी हात फिरवून पाहिला, नक्षी बांगड्यांवरही आली. आपण काय पुण्य केलं होतं, असं वाटलं.

एकच काळजी होती. दर वर्षी ती दाट होत चालली. झाडाची फांदी छाटता येते, सावलीची छाटायला वर कोण चढणार, आणि कशावर? वाफ्यात आधी गवत होतं, ते गेलं. मग दूर्वा गेल्या. शेवटी तिथे सुई पडली तर दिवसाढवळ्या सापडत नव्हती.

दसरा झाला आणि नगरपंचायतीच्या सावली कक्षातून हर्षदा नलवडे नावाच्या निरीक्षक आल्या. तिशीतली मुलगी, चेहरा गंभीर, बगलेत फाइल. चहा घेतला, साखर नको म्हणाली. मग परड्यात जाऊन तिने बुंधा पाहिला, आभाळ पाहिलं, वाफा पाहिला आणि खुर्चीवर बसून फॉर्म काढला.

“काकू, झाडाशिवाय सावली ठेवायला काही हरकत नाही,” ती म्हणाली. “पण सात वर्षं पुरी होताना तिच्याखाली काहीच जिवंत नसलं, तर तिची नोंद अंधारात होते.”

“मग?”

“मग ती आमच्याकडे राहत नाही. अंधार कक्षाकडे वर्ग होते. ते येऊन खरवडून नेतात.”

“कुठे नेतात?”

“ते त्यांचं खातं. मला सांगता यायचं नाही.”

“अगं, पण ती कुणाचं काय बिघडवते?”

“बिघडवत नाही, म्हणून तर मुदत आहे,” ती म्हणाली आणि बोटाने एकेक ओळ दाखवत सगळं समजावून सांगितलं. सात डिसेंबरला, दुपारी बारा ते साडेबारा, तपासणी. वाफ्यात बसून तपासणीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला पाहिजे. वाफ्यात किमान पाच सजीव असावेत, सावलीने स्वखुशीने ठेवून घेतलेले. आणि मालकाने सावलीत उभं राहून सही करायची.

“मालक म्हणजे?”

“झाड ज्यांनी लावलं ते.”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. हे आत बशीत चहा ओतत होते.

“आता प्रकार,” नलवडेंनी पेन सरसावलं. “आंब्याची, भिंतीची, माणसाची, असं काय ते सांगा.”

“फणसाची.”

“फणस कुठाय?”

“तोडला.”

तिने थोडा विचार केला, पुटपुटत फॉर्मवर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. “प्रकार : नुसती.”

आत बशी खळकन फुटली.

*

बाबासो मगदूमची नर्सरी ओढ्यापलीकडे आहे. त्याच्या दोन्ही बहिणी माझ्या क्लासला होत्या. मी त्याला वाफ्याचं माप सांगितलं आणि म्हटलं, उजेड पडेल अशी पाच रोपं दे, चांगली निवडून.

“बाई, सावलीतली रोपं आपण पसंत करायची नसतात,” तो म्हणाला. “सावलीला दाखवायची. स्थळ तिचं हाय. नांदवायचं तिला हाय.”

मला ते पटलं. मग रीतसर दाखवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रोज साडेअकराला बाबासो यायचा. वाफ्यात पाट मांडायचा, पाटावर कुंडी ठेवायची, पानांवर पाणी शिंपडून ती तरतरीत करायची आणि आपण चार पावलं मागे येऊन गप्प उभं राहायचं. रोपाचं गुणगान करायचं नाही, असा बाबासोचा दंडक. त्याने दडपण येतं म्हणे.

पहिला झेंडू आणला. म्हटलं, एवढा रंगाचा, काळोखात झळकेल. पाट ठेवला तेव्हा सावली त्याच्यावर होती. मिनिटभराने ती मागे सरकली. चहूबाजूंनी वीतभर मागे सरकून थांबली आणि झेंडू एकटाच उन्हात राहिला.

“नकार आला,” बाबासो हळूच म्हणाला. “पण रीतीनं आला बघा. त्याला ऊन लागतं, त्ये दिलं.”

कुंडी उचलली तशी सावली परत जागेवर आली. मग गुलाब झाला, जास्वंद झाली, लाल पानांचा क्रोटन झाला, शेवंती झाली. अकरा स्थळं परत गेली. प्रत्येकाला तिने ऊन देऊन वाटेला लावलं, एकाचाही अपमान केला नाही. पण दिवस भराभर चालले होते आणि मला रात्री झोप लागेना. डोळा लागला की कुणीतरी जमीन खरवडतंय असा आवाज यायचा.

एक दिवस कपाट आवरताना मला जुना काळा खण मिळाला. त्याला मी पांढरी पायपिंग लावली होती. हातात धरून उभीच राहिले. अगं बाई लीले, म्हटलं, चाळीस वर्षं तू पोरींना काय शिकवलंस? गडद कापडावर भडक रंग मारला की तो कापडात बुडतो. काठाला फिक्या रंगाची एक रेघ दे, अख्खं कापड उठून दिसतं. तशीच पदर खोचून ओढ्यापलीकडे गेले.

“बाबासो, फुलं बिलं राहू दे. ज्याच्या पानाला पांढरा काठ आहे असं काय आहे?”

“हाय की. स्पायडर हाय. पण त्ये लई साधं हो, बाई. कुणीबी लावतंय.”

“साधंच आण.”

दुसऱ्या दिवशी पाटावर स्पायडर ठेवलं. लांब लांब पानं, हिरव्याला पांढरी पट्टी. आम्ही मागे येऊन उभे राहिलो. एक मिनिट झालं, दोन झाली. सावली हलली नाही. आणि मग त्या काळोखात, एका पानाच्या पांढऱ्या पट्टीवर, कवडसा पडला. शर्टाच्या बटणाएवढा, गोल, लख्ख.

मी वर पाहिलं. वर एक पान नव्हतं. पण कुठलंतरी पान बाजूला झालं होतं.

बाबासोने टोपी काढली. नंतर टेप आणून कवडसा मोजला, अर्धा इंच भरला. संध्याकाळपर्यंत तो त्या रोपाबरोबर राहिला, त्याला सोडून कुठे गेला नाही.

मग मार्ग सापडला. पोपटी नेचा दाखवला, पसंत. त्यालाही एक कवडसा मिळाला, जरा लांबट. अबोलीला मिळाला. पांढऱ्या फुलाची पीस लिली ठेवली, तर तिला सावलीने दोन दिले, एक फुलाला आणि एक पानाला. लिली थोडी नखरेल आहेच. चौघांना मी वाफ्यात लावलं, आणि मला तिथली माती दिसायला लागली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. तांबडी माती होती, मी रंगच विसरले होते.

पाचवं मात्र जमेना. जागा उरली होती ती बुंध्याला लागून, सगळ्यात काळोखी. तिथे दुसरा नेचा नेला, नकार. दुसरी लिली नेली, नकार. मनीप्लांट, पांढऱ्या ठिपक्यांची बेगोनिया, सगळ्यांना नकार.

“बाई,” बाबासो डोकं खाजवत म्हणाला, “ही जागा तिनं धरून ठेवलीया. एसटीत रुमाल टाकत्यात न्हाई का, तशी.”

“कुणासाठी?”

“त्ये मी कसं सांगू?”

हे रोज संध्याकाळी भाकरी मोडताना खाली मान घालून विचारायचे, “किती झाली?”

“चार.”

“आणि पाचवं?”

“पाचव्याची जागा धरून ठेवलीय म्हणे.”

हे ऐकलं त्या दिवशी ते दुसरी भाकरी नको म्हणाले.

*

सात डिसेंबरला नलवडे पावणेबारालाच आल्या. बाबासो आला होता, कुंपणापलीकडे शेजारीण उभी होती. ऊन कडक होतं आणि सावली पूर्ण पडली होती. ठीक बारा वाजता नलवडे वाफ्यात स्टुलावर बसल्या आणि मोठ्याने कागद वाचायला लागल्या.

कवडसे पाचच, पण पांढऱ्या पट्ट्यांवरून, लिलीच्या फुलावरून त्यांचा उजेड परतत होता आणि कागदावर येत होता. वाफ्याचं माप वाचलं, चतुःसीमा वाचल्या, सजीवांची नावं वाचली. मालकाचं नावही वाचलं. मग थांबल्या.

“पुढे दिसत नाही.”

“चष्मा देऊ का माझा?”

“मला चष्मा लागत नाही, काकू. शेवटच्या तीन ओळी काळोखात आहेत. शिवाय सजीव चारच आहेत. आणि मालक कुठे आहेत?”

मालक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते. धुतलेला शर्ट, दाढी केलेली. म्हणजे सकाळपासून तयारी होती, पाय तेवढा उचलत नव्हता.

“अहो, आता तरी या.”

“मला नाही जमायचं, लीला.”

“बारा वाजून दहा मिनिटं झालीत!”

“तिला कोणतं तोंड दाखवू?”

माझं डोकंच फिरलं. “आहे तेच दाखवा! तिने दुसरं कधी पाहिलेलं नाही. सात वर्षं ती रोज आपल्या परड्यात येते, आणि तुम्ही बोळातून जाता. लाज तुम्हाला वाटायला हवी तर वाटू दे, पण तिची कशाला नासाडी करता? वीस मिनिटांनी मुदत संपली की तिला खरवडून नेतील, मग उन्हातच बसू दोघं मिळून!”

ह्यांनी चपला काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा नीट जोडीने ठेवल्या आणि वाफ्यात पाय टाकला.

सावली मागे सरकली.

त्यांनी दुसरं पाऊल टाकलं, ती आणखी सरकली. ते चालत गेले आणि ती चहूबाजूंनी वीतभर अंतर ठेवून बाजूला होत गेली. बुंध्यापाशी पोचले तेव्हा त्यांच्याभोवती उन्हाचा तुकडा होता आणि ते त्यात एकटे उभे होते.

“नकार,” बाबासो पुटपुटला.

दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. हे बुंध्यापाशी बसले. गुडघे दुखतात त्यांचे, हात टेकून हळूहळू बसले. खिशातून स्क्रू ठेवायची पत्र्याची डबी काढली. तिच्यात दोन वाळलेल्या, काळ्या कुयऱ्या होत्या. सात वर्षं त्या माझ्या घरात होत्या आणि मला पत्ता नव्हता. त्यांनी त्या बुंध्यावर ठेवल्या.

“अठरा वर्षं मी वरच बघत राहिलो,” ते म्हणाले. समोर कुणी माणूस बसलंय अशा आवाजात म्हणाले. “खाली वाकून बघितलं नाही. ते आधी करायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

आम्ही सगळे खाली बघत होतो. आधी त्यांच्या पावलांवर सावली आली. मग गुडघ्यांवर, मग पाठीवर, थंडीत गोधडी ओढून घ्यावी तशी, सावकाश. शेवटी डोक्यावर आली. ह्यांनी डोळे मिटले.

आणि वाफा उजळला.

किती पानं एकदम बाजूला झाली देव जाणे. कवडसेच कवडसे! ह्यांच्या टकलावर, शर्टावर, अबोलीवर, नेच्याच्या प्रत्येक दातावर, नलवडेंच्या कपाळावर, माझ्या पदरावर. सगळे हलत होते, एकमेकांत जात होते, परत सुटे होत होते. मी टेप घेऊन मोजायला लागले आणि सोडून दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माप अर्धवट टाकलं. कुंपणापलीकडे शेजारणीने हात जोडले होते. वर आभाळ होतं, कोरं.

नलवडेंनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला आणि खणखणीत आवाजात शेवटच्या तीन ओळी वाचल्या. त्यात सदर सावली कायम करण्यात येत असल्याचं लिहिलं होतं.

“सजीव पाच,” त्यांनी नोंद केली. “स्पायडर, नेचा, अबोली, लिली आणि मालक स्वतः.”

“माणूस चालतो का?” बाबासोने विचारलं.

“नियमात रोपं म्हटलेलं नाही. सजीव म्हटलंय. स्वखुशीने ठेवून घेतलेला पाहिजे, तो ठेवून घेतलाय.” त्यांनी फॉर्म ह्यांच्यापुढे धरला. “काका, सही.”

ह्यांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. फॉर्मच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

“एवढा शब्द खोडा, बाळ.”

“नुसती? मग काय लिहू?”

“फणसाची.”

“काका, फणस नाही ना.”

ह्यांनी बोट तिथून हलवलं नाही. नलवडेंनी आभाळाकडे पाहिलं, मग खाली, आपल्या हातावर हलणाऱ्या पानांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शब्द खोडला आणि त्याच्यावर नवा लिहिला.

“खाडाखोड केली तिथे आद्याक्षर करा,” त्या म्हणाल्या.

*

आता हे दिवसभर तिथेच असतात, पाचव्या जागेवर. पेपर तिथे, चहा तिथे. न्हाणीत सरळ परड्यातून जातात. मी रोपांना पाणी घालते तेव्हा थोडं ह्यांच्या पायावरही घालते, तक्रार करत नाहीत.

माघात एकदा त्यांनी मला हाक मारली. दुपारचे चार वाजले होते, खोडाची सावली लांब पडली होती. तिच्या कडेला, कुंपणाच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीला, दोन उंचवटे होते. मी टेप लावली. अंगठ्याएवढेच भरले. आम्ही कुणाला बोललो नाही, दृष्ट लागायची. फाल्गुनात ते नारळाएवढे झाले. चैत्रात कळशीएवढे झाले आणि त्यांच्या कडेला बारीक काटे दिसायला लागले.

काल दुपारी हे उठले, वाकले आणि जमिनीवरच्या त्या दोन्ही सावल्यांवर बोटाने टकटक करून कान लावला. मग आत आले.

“एक पिकलाय,” म्हणाले. “मागच्या अंगाचा.”

वास तर मला सकाळपासूनच येत होता. मी बाबासोला आणि नलवडेंना निरोप धाडला, येताना डबे आणा म्हणून. परड्यात जुने पेपर अंथरले, विळी मांडली आणि वाटीत खोबरेल घेतलं, कारण फणसाला हात लावायचा तर आधी तेल लावावं लागतं, नाहीतर चीक निघता निघत नाही. ह्यांनी बाह्या सरसावून दोन्ही हात पुढे केले आणि मी त्यांना कोपरापर्यंत तेल चोळलं.